पावती हाती, पैसा कुठे?

जळगाव-अजिंठा रस्त्यावरच्या पहूरमध्ये दुबईच्या ‘अब्राज’ समूहाचं नाव फारसं कुणी ऐकलं नसेल. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था, म्हणजे ‘बीएचआर’, जामनेर तालुक्यात कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. दोन्हीकडे विश्वासानं दिलेला पैसा अडकला. जाब विचारण्याची ताकद मात्र सारखी नव्हती.

आरिफ नक्वी यांनी 2002 मध्ये ‘अब्राज’ उभी केली. आशिया-आफ्रिकेतल्या कंपन्यांत पैसा घालायचा, त्या वाढवून विकायच्या आणि नफा वाटायचा, हा तिचा धंदा. रुग्णालयांसाठी तिनं 100 कोटी डॉलरचा फंड काढला. त्यात गेट्स फाउंडेशनचे 10 कोटी. 2017 मध्ये फाउंडेशनच्या लक्षात आलं, की रुग्णालयांच्या नावानं मागवलेला पैसा तिथं पोचतच नाही. त्यांनी थेट बँकेचे उतारे मागितले. अमेरिकी आरोपपत्र सांगतं, की हा पैसा कंपनीच्या रोजच्या खर्चाकडे वळवला गेला आणि जूनअखेर खात्यात शिल्लक दिसावी म्हणून काही दिवसांपुरती उसनवारी झाली. 2018 मध्ये ‘अब्राज’ अवसायनात गेली. नक्वी आरोप नाकारतात. त्यांच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यानं 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

‘बीएचआर’च्या आमच्या ठेवीदाराच्या हाती मात्र फक्त पावती होती. कापसाच्या पट्टीचे, निवृत्तीचे पैसे जादा व्याजाच्या आशेनं ठेवलेले. संस्था बहुराज्य, त्यामुळे नियंत्रण दिल्लीतल्या सहकारी संस्थांच्या केंद्रीय निबंधकाकडे. तिथवर जामनेरच्या शेतकऱ्यानं जायचं कसं? ठेवी अडकल्या आणि 2015 मध्ये संस्थापक प्रमोद रायसोनी आणि संचालकांना अटक झाली, वसुलीसाठी अवसायक आला.

खरी चीड येते ती पुढच्या प्रकाराची. पोलिसांच्या आरोपानुसार, थकलेल्या ठेवीदारांच्या पावत्या मूळ रकमेच्या बऱ्याच कमी किमतीत घेतल्या गेल्या आणि बड्या थकबाकीदारांच्या कर्जात पूर्ण किमतीनं वळत्या झाल्या. म्हणजे लाखाच्या पावतीचे म्हाताऱ्याला तुटपुंजे पैसे, आणि कर्जदाराचं लाखाचं देणं फिटलं! नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जळगावात छापे घातले. 2021 मध्ये खुद्द अवसायकाला अटक झाली.

बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणून पैसे भरण्याआधी काउंटरवर विचाराच: ही बँक की पतसंस्था? ठेवीला विमा आहे का? यंदाचा लेखापरीक्षण अहवाल दाखवता का? उत्तर टाळलं गेलं, तर व्याज कितीही असो, पैसे घेऊन घरी या.