मोड आलेल्या वालात वाढते काय?

कर्जत-खालापूर भागात भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. थंडीत कोवळ्या शेंगांची पोपटी होते आणि वाळलेले वाल बिरड्यासाठी वर्षभर पुरतात. आजी ते रात्री भिजत घालते, सकाळी उपसून फडक्यात बांधते आणि मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलते. या दीड-दोन दिवसांत दाण्यात काय घडते?

कोरडा दाणा झोपलेला असतो, मेलेला नसतो. पाणी शिरताच त्यातील विकरे कामाला लागतात. पिष्टाची साखर होऊ लागते, श्वसनाचा वेग वाढतो आणि उष्णता बाहेर पडते. मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर, म्हणून मला आधी तापमापक आठवतो! तुम्हीही करून पाहा. एका थर्मासमध्ये मोड येऊ लागलेले मूग भरा, दुसऱ्यात उकळून गार केलेले. दोन्हींत तापमापक ठेवून तोंडाला कापसाचा बोळा लावा. दुसऱ्या दिवशी पहिल्या थर्मासमधले तापमान अधिक दिसेल.

ही उष्णता फुकट मिळत नाही. दाण्यातला साठा त्यासाठी खर्च होतो. म्हणून ‘मोड आले की प्रथिने दुप्पट होतात’ हे ऐकलेत तर विश्वास ठेवू नका. दुप्पट होते ते वजन, आणि तेही पाण्यामुळे. शंभर ग्रॅम मोडांत शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांपेक्षा प्रथिने कमीच असतात.

खरी वाढ होते ती ‘क’ जीवनसत्त्वाची. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसतेच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकलेल्या हिंदी सैनिकांना त्याच्याच अभावी स्कर्व्ही झाला. लंडनच्या लिस्टर संस्थेतील हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी १९१७ च्या सुमारास गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवले, की भिजवून मोड आणलेली कडधान्ये हा रोग टाळतात.

आणखी एक लाभ आहे. लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल मोड येताना कमी होते आणि ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. शिजवताना मात्र या जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो. तरी वाल कच्चे खाऊ नयेत. त्यांतील अपायकारक द्रव्यांसाठी भिजवणे आणि नीट शिजवणे आवश्यकच आहे. बिरड्याबरोबर लिंबाची फोड घ्या, म्हणजे झालेली तूट थोडी भरून निघेल.

मोड बुळबुळीत झाले किंवा त्यांना आंबूस वास आला तर टाकून द्या. त्याच उबेत जंतूही वाढतात. थर्मासमधले मूग तर मुळीच खाऊ नका.