बेतवेच्या बेटावर एक आठवडा : झाशीमार्गे ओरछ्याच्या सहलीची आखणी

बेटावरची सुटी म्हटली, की मराठी कुटुंबांच्या डोळ्यांसमोर अंदमान किंवा लक्षद्वीप येते. विमानाची तिकिटे, बोटीचे वेळापत्रक, परवाने असा सारा व्याप त्यासोबत येतो. मात्र झाशी रेल्वे स्थानकापासून अवघ्या १६ ते १८ किलोमीटर अंतरावर, बेतवा नदीच्या पात्रात, राजवाड्यांनी भरलेले एक लहानसे बेट आहे आणि तेथे जाण्यासाठी बोटीची गरज नाही. हे बेट म्हणजे ओरछा येथील किल्ला. खजुराहोकडे निघालेले प्रवासी वाटेत येथे दोन-तीन तास थांबतात, जहांगीर महालात छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. आठवडाभर मुक्काम करण्याचा विचार फार थोडे लोक करतात. ज्यांना तो करायचा आहे, त्यांनी हॉटेल ठरवण्यापूर्वी नदीचा विचार करणे आवश्यक आहे.

ओरछ्याजवळ बेतवेचा प्रवाह खडकांमुळे विभागला गेला आहे. या फाट्यांमधील उंचवट्यावर बुंदेला राजांनी आपली राजधानी वसवली. गावातून किल्ल्याकडे जाताना अनेक कमानींचा जुना दगडी पूल ओलांडावा लागतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याखाली पाणी इतके कमी असते, की आपण बेटावर पाऊल ठेवत आहोत हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. पावसाळ्यात मात्र पूल कशासाठी बांधला, हे कोणाला सांगावे लागत नाही. याखेरीज बेतवा आणि जामनी या दोन नद्यांच्या मधला वनप्रदेश हे दुसरे, पुष्कळ मोठे बेट आहे. तेथे १९९४ मध्ये स्थापन झालेले ओरछा वन्यजीव अभयारण्य असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस किलोमीटर आहे. गावातून अभयारण्याकडे जाणारा बेतवेवरील जुना पूल अरुंद आणि बेताच्याच उंचीचा आहे. वरच्या बाजूस असलेल्या राजघाट व माताटीला धरणांतून मोठ्या प्रमाणात पाणी सोडले, की तो पाण्याखाली जातो आणि पलीकडची वाट बंद होते.

त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या काळात आठवडाभराचा बेत आखू नये. पुराचे दृश्य भव्य असते हे खरे. पण सात दिवसांपैकी किती दिवस नदीकाठी जाता येईल, याची शाश्वती त्या काळात कोणीही देऊ शकत नाही. एप्रिल ते जून हा काळही टाळावा. बुंदेलखंडातील उन्हाळा कठोर असून पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तापलेले दगडी महाल दुपारी पाहणे वृद्धांना व मुलांना झेपणारे नसते. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत हवा सुखद असली, तरी उत्तर भारतातील धुक्यामुळे रेल्वेगाड्यांना तासन्‌तास विलंब होतो. या सर्वांचा विचार करता दिवाळीनंतरचा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा महिना सर्वांत सोयीचा ठरतो.

तिथीही पाहून घ्यावी. ओरछा हे केवळ पर्यटनस्थळ नाही, ते तीर्थक्षेत्रही आहे. रामनवमीला आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे विवाहपंचमीला, रामराजा मंदिरात मोठा उत्सव होतो. (शुद्ध पक्षात उत्तरेकडील महिना आणि आपला महिना एकच असल्याने नेहमीचे मराठी पंचांग येथे उपयोगी पडते.) दर महिन्याला पुष्य नक्षत्राच्या दिवशीही आसपासच्या जिल्ह्यांतून भाविक लोटतात. उत्सव पाहायचा असेल तर हे दिवस मुद्दाम साधावेत. निवांतपणा हवा असेल तर टाळावेत. हे न पाहता जाणाऱ्यांना ऐन वेळी खोली मिळणे अवघड होते.

महाराष्ट्रातून झाशीला थेट गाड्या आहेत. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि गोव्याहून पुणे, मनमाड, भुसावळमार्गे धावणारी गोवा एक्सप्रेस झाशीला थांबते. मुंबई ते झाशी हे अंतर रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर आहे. कोकण रेल्वेवरून पनवेल, कल्याणमार्गे दिल्लीकडे जाणारी मंगला-लक्षद्वीप एक्सप्रेसही येथूनच जाते. ज्या गाडीच्या नावात समुद्रातील बेटे आहेत, तीच गाडी नदीतल्या बेटापाशी आणून सोडते, हा एक गमतीचा योगायोग. आरक्षण करताना लक्षात ठेवण्याची बाब अशी, की डिसेंबर २०२१ मध्ये या स्थानकाचे नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे करण्यात आले. झाशी-माणिकपूर मार्गावर ओरछा नावाचे स्थानकही आहे. तथापि ते गावापासून काही किलोमीटर दूर असून सामान घेऊन उतरणाऱ्यांना झाशीहून रस्त्याने जाणेच सोयीचे पडते.

या छोट्या रस्त्यावर राज्याची हद्द ओलांडावी लागते. झाशी उत्तर प्रदेशात आहे, तर ओरछा मध्य प्रदेशातील निवाडी जिल्ह्यात. हा जिल्हा २०१८ मध्ये टीकमगढमधून वेगळा करण्यात आला. रिक्षा आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. मात्र खासगी टॅक्सी ठरवताना परराज्याचा कर भाड्यात धरला आहे किंवा नाही, हे आधी विचारून घेतल्यास पुढचा वाद टळतो.

सात दिवसांची वाटणी कशी करावी? बहुतेक मराठी पर्यटक झाशीला उतरल्या उतरल्या किल्ला गाठतात आणि उरलेल्या वेळात ओरछ्याला जाऊन येतात. क्रम उलटा ठेवणे अधिक श्रेयस्कर आहे. त्यास कारण इतिहासाचे आहे. रुद्रप्रताप बुंदेला याने ओरछ्याची स्थापना केली ती १५३१ मध्ये. झाशीचा किल्ला त्यानंतर जवळजवळ ८० वर्षांनी, १६१३ मध्ये, ओरछ्याच्याच वीरसिंहदेव राजाने बांधला. झाशी या नावाविषयीची आख्यायिकाही ओरछ्यात सुरू होते. वीरसिंहदेव आपल्या एका पाहुण्या राजासह महालाच्या गच्चीवर बसला असता त्याने दूरवरच्या टेकडीकडे बोट दाखवले आणि नवा किल्ला दिसतो का, असे विचारले. पाहुण्याने, सावलीसारखे काहीतरी दिसते, या अर्थाचे 'झांईसी' असे उत्तर दिले, अशी ती कथा आहे. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत टिकेल, हा वेगळा प्रश्न. परंतु झाशी ही ओरछ्याची सावली म्हणून जन्मली, ही आठवण या कथेने जपली आहे. आधी चार-पाच दिवस बेटाजवळ राहून मग झाशी पाहिली, की किल्ल्याच्या तटांचा अर्थ वेगळा लागतो.

मराठी वाचकाला यात आणखी एक धागा सापडेल. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर झाशीत आले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला, त्याखाली शहर वाढवले आणि ओरछ्यातील लोकांनाही तेथे आणून वसवले, असे सांगितले जाते. नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या देवळावरील घंटा प्रसिद्ध आहे, ते हेच नारो शंकर. झाशी वाढत गेली आणि ओरछ्याचा दरबार १७८३ मध्ये टिहरीला, म्हणजे आजच्या टीकमगढला हलला. बेटावरचे महाल ओस पडले. पुढे १८५७ मध्ये ओरछा राज्याचा दिवाण नत्थे खाँ याने झाशीवर चाल केली आणि राणी लक्ष्मीबाईंनी ती परतवली. महाराष्ट्रातील शाळांमध्ये झाशीचा लढा इंग्रजांविरुद्धचा म्हणून शिकवला जातो. तो तसा होताच. पण हे शेजाऱ्यांचे जुने वैर अंतर कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरात होते. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. या सहलीत सोबत न्यायचे पुस्तक एकच असेल, तर ते हे असावे.

बेटावरील राजमहाल आणि जहांगीर महाल यांना प्रत्येकी एक सकाळ द्यावी. वीरसिंहदेवाने शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून १६०२ मध्ये अबुल फजलला ठार मारले. सलीम जहांगीर म्हणून गादीवर आला, तेव्हा १६०५ मध्ये वीरसिंहदेवाला ओरछ्याचे राज्य मिळाले. जहांगीर महालाच्या नावामागे ही मैत्री आहे. चौकाभोवतीचे मजले, जाळ्या, घुमट्या यांत फिरताना घाई केली तर पायऱ्यांवरून पडण्याची भीती असते, कारण जिने अरुंद, उंच आणि अंधारे आहेत. विजेरी जवळ ठेवावी. राजमहालातील आणि किल्ल्याबाहेरच्या लक्ष्मी मंदिरातील भित्तिचित्रे पाहण्यास उजेड हवा. लक्ष्मी मंदिर वीरसिंहदेवाच्या काळातील असले, तरी त्यातील काही चित्रे नंतरची आहेत. त्यांपैकी एका चित्रात इंग्रज सैन्य आणि झाशीची लढाई दिसते. तिकीट जपून ठेवावे. एकाच तिकिटावर अनेक वास्तू पाहता येतात.

संध्याकाळ गावात घालवावी. रामराजा मंदिर हे मुळात मंदिर नसून राणीचा महाल आहे. मधुकरशाहाची राणी गणेशकुंवरी हिने अयोध्येहून रामाची मूर्ती आणली, ती तात्पुरती महालात ठेवली आणि नंतर तेथून हलेचना, अशी श्रद्धा आहे. तिच्यासाठी उभारलेले उत्तुंग चतुर्भुज मंदिर शेजारीच आहे. येथे राम राजा म्हणून पुजला जातो, त्यामुळे आरतीच्या वेळी पोलीस त्याला सशस्त्र सलामी देतात. आरतीच्या वेळा हिवाळ्यात व उन्हाळ्यात बदलतात. मंदिराच्या आत छायाचित्रणास व चामड्याच्या वस्तूंना मनाई आहे. जवळच लाला हरदौल याचे स्थान आहे. वहिनीशी संबंध असल्याच्या संशयावरून भाऊ जुझारसिंह याने त्याला विष देवविले, असे सांगतात. बुंदेलखंडात आजही लग्नाची पहिली पत्रिका हरदौलला दिली जाते. येथे थोडा वेळ बसले, की नव्या पत्रिका घेऊन येणारी कुटुंबे दिसतात.

नदीकाठच्या छत्र्यांसाठी मात्र वेगळी खबरदारी हवी. बुंदेला राजांच्या या उंच स्मारकांवर गिधाडे घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश असलेले मृत पशूंचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९०च्या दशकापासून काही वर्षांतच भारतातील लांब चोचीच्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि विणीचा हंगाम नेमका हिवाळ्यात, म्हणजे पर्यटकांच्या हंगामात येतो. छत्रीच्या वरच्या मजल्यावर चढून केलेला गोंगाट, फटाके किंवा घरट्याजवळ उडवलेला ड्रोन यांमुळे पक्षी घरटे सोडून गेला, तर त्या जोडीचे वर्ष वाया जाते. दुर्बीण नेऊन पलीकडच्या तीरावरून पाहणे हेच योग्य. तेथून छत्र्याही अधिक सुरेख दिसतात.

नदीत उतरण्याविषयी स्पष्ट सांगणे गरजेचे आहे. कंचना घाटावरील पाणी वरून संथ दिसते, परंतु पात्रात खडक, खोल डोह आणि ओढ असलेले प्रवाह आहेत. स्थानिक लोक जेथे स्नान करतात तेथेच, तेही गुडघाभर पाण्यापर्यंत जावे. पोहता येणाऱ्यांनी हा नियम विशेष पाळावा.

मुक्कामासाठी गावात साध्या धर्मशाळांपासून महागड्या हॉटेलांपर्यंत सर्व सोयी आहेत. बेटावरच राहायचे असेल, तर राजवाड्याच्या आवारातील शीशमहालात मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाचे हॉटेल आहे. खोल्या मोजक्याच असल्याने तेथील आरक्षण रेल्वेच्या तिकिटाआधी करावे. काही कुटुंबे घरगुती निवासही देतात. आठवडा राहणाऱ्यांना तो अधिक परवडतो आणि पैसा गावात राहतो. दोन तासांच्या पर्यटकाकडून गावाला चहाच्या पेल्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. नियमित औषधे पुरेशी न्यावीत. मोठ्या उपचारांची गरज पडल्यास झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते.

एक दिवस बाहेरच्या फेरीसाठी राखून ठेवावा. झाशीपासून सुमारे ३० किलोमीटरवर दतिया येथे वीरसिंहदेवाचाच भव्य महाल आहे. ओरछ्याआधीची बुंदेल्यांची राजधानी गढकुंडार ही दुसरी जागा. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा मोह टाळावा.

ओरछ्याचा समावेश २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. रामराजा मंदिर परिसराच्या विस्तारासाठी 'श्री रामराजा लोक' प्रकल्पाचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. दोन्हींमुळे गर्दी वाढणार हे उघड आहे. त्यामुळे मंदिराजवळची खोली घेण्यापूर्वी शेजारी बांधकाम चालू आहे का, याची चौकशी करावी.

शेवटचे दोन दिवस झाशीसाठी. किल्ल्यातील 'कडक बिजली' तोफ आणि गुलाम गौस खाँ यांची कबर पाहून झाल्यावर शहरातील राणी महाल, लक्ष्मी तलावाकाठची गंगाधररावांची समाधी आणि १८४२ मध्ये ज्या गणेश मंदिरात मनकर्णिकेचा विवाह झाला ते मंदिर पाहावे. किल्ल्यासाठी सकाळ निवडावी. तटावरून आग्नेयेकडे पाहिले, की ओरछ्याची दिशा सापडते. हवा स्वच्छ असल्यास ओळखीचे शिखर दिसते का, हे पाहण्यासाठी दुर्बीण पिशवीच्या तळाशी ठेवू नये.