झडपांचें वेळापत्रक आणि विजेचा दोष

कात्रजचा घाट चढतांना मोटारीचा जोर एकाएकीं ओसरतो, सिग्नलपाशीं थांबलें असतां इंजिन थरथरूं लागतें आणि चालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उजळतो. अशा वेळीं पुष्कळ गृहस्थ नाना पेठेंतून नवा सुटा भाग आणून बसवितात. दुसऱ्या दिवशीं दिवा पुन्हां लागतो! दोष कोठें आहे हें न पाहतां भाग बदलणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणेंच होय.

झडपा उघडण्याचें काम कॅमशाफ्ट नांवाचा दांडा करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हां याचा एक होतो. पूर्वींच्या मोटारींत या दोहोंचें नातें कायमचें जखडलेलें असे. परंतु मंद गतीला जी वेळ मानवते ती वेगाला मानवत नाहीं. म्हणून अलीकडील अनेक इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाशीं एक पोकळ चक्र असतें. त्यांत दाबाखालीं तेल सोडलें कीं दांडा कांहीं अंश पुढें किंवा मागें वळतो. तें तेल सोडणारी विजेची झडप म्हणजे सॉलेनॉइड. तिच्यांत तारेचें एक वेटोळें असतें, आणि तिला हुकूम देतो मोटारींतील संगणक.

हा संगणक दोषाची नोंदही ठेवतो. पी ००१० असा संकेत मिळाल्यास तक्रार वीजमार्गाची. पी ००११ मिळाल्यास दांडा नको तितका पुढें वळल्याची. दुसऱ्या प्रकारांत आधीं तेल पाहावें. तें कमी, मळकट वा चुकीच्या जातीचें असलें तरी हा संकेत उमटतो. सर्व खटाटोप या एका भेदावर अवलंबून असतो, आणि घाईच्या कारखान्यांत नेमका तोच विसरला जातो. बॅटरीची तार काढून दिवा घालविणें तर निव्वळ पुरावा नष्ट करणें आहे.

वीजमार्गाचा संशय असेल तर किल्ली बंद करून सॉलेनॉइडची जोडणी सोडवावी व वेटोळ्याचा रोध मीटरनें मोजावा. बहुतेक मोटारींत तो सुमारें ५ ते १५ ओहम असतो. नेमका आंकडा त्या त्या मोटारीच्या पुस्तकांत मिळतो. रोध अमर्याद आला तर तार तुटली, शून्याजवळ आला तर वेटोळें आंतल्या आंत जोडलें गेलें. थंड असतां बरें दिसणारें वेटोळें तापल्यावर दगा देतें, म्हणून ही तपासणी गरम इंजिनावरही करावी.

वेटोळें निर्दोष ठरलें तर लक्ष तारांकडे वळवावें. ज्या मोटारींत फ्यूजमधून १२ व्होल्ट येतात, तेथें आधीं तो फ्यूज पाहावा. गंजलेली तार मीटरला पुरे व्होल्ट दाखविते, पण भार पडतांच खचते. म्हणून या पुरवठ्याच्या तारेवर छोटा दिवा लावून पाहणें अधिक खात्रीचें. संगणकाकडे जाणाऱ्या तारेला मात्र दिवा लावूं नये. जोडणी सोडून तिची अखंडता मीटरनेंच तपासावी. पावसाळ्यांत जोडणींत शिरलेलें पाणी, हिरवी पडलेली पिन, आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या मोटारींत उंदरांनीं कुरतडलेलें आवरण, हे नेहमींचे गुन्हेगार. तारांचा जुडगा हातानें हलवितांना मीटरचा आंकडा उडाला तर दोष तेथेंच आहे. सॉलेनॉइड व तारा दोन्ही शुद्ध निघाल्या, तरच संगणकाकडे बोट दाखवावें.

दुरुस्तीनंतर संकेत पुसून, इंजिन पुरतें तापेपर्यंत मोटार चालवून तो पुन्हां वाचवून घ्यावा. बिल त्यानंतर चुकतें करावें.