गिअरचा दांडा कोठे असावा?

मोटार कोणती घ्यावी याविषयी आमच्या इंदुरात सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण गिअरचा दांडा कसा व कोठे असावा, हे सांगणारा क्वचितच. वस्तुतः चालकाची मोटारीशी ओळख होते ती या दांड्यातूनच. एकदा हाताला सवय जडली, की दुसऱ्या तऱ्हेचा दांडा परका वाटतो.

माझ्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी होती. इटलीच्या फियाटचा हा मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेला अवतार. तिचा दांडा जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगच्या दांडीला डाव्या अंगाने बसविलेला. त्यामुळे पुढची बैठक सलग राही आणि दोघांच्या मध्ये एखादे मूल सहज सामावे. ते मूल बहुधा मीच असे. मात्र या रचनेत हाताची हालचाल अनेक सळया व सांधे ओलांडून गिअरबॉक्सपर्यंत जावयाची. सांधे झिजले की दांडा सैल होतो आणि कोणता गिअर पडला हे हाताला नीट कळत नाही.

१९८३ साली मारुती ८०० आली. तिचा दांडा दोन आसनांच्या मध्ये होता. पुढे अँबॅसडरनेही तीच वाट धरली. गिअर बसल्याचा स्पष्ट ठोका हाताला लागतो, म्हणून मला स्वतःला हाच दांडा प्रिय.

२०१४ साली मारुती सेलेरिओमधून क्लच आपोआप दाबणारी पद्धत आपल्याकडे आली. आतला क्लच आणि दातेरी चक्रे नेहमीचीच. ती हलविणारे हातपाय तेवढे यंत्राचे. राजवाड्याच्या गर्दीत ज्याचा डावा गुडघा दुखून आला आहे, तो हिला नावे ठेवणार नाही.

परंतु घाटात गोष्ट निराळी. गेल्या नाताळात आम्ही वसईस निघालो होतो. धाकटी बहीण अशीच बिनक्लचची गाडी चालवीत होती. मानपूर सोडल्यावर रस्ता विंध्य उतरून निमाडात जातो. दांडा ‘डी’वर, पाय सतत ब्रेकवर. निम्म्या उतारावर जळका वास आला. थांबून पाहतो तो चाकाजवळ हात धरवेना.

अशा वेळी खालचा गिअर कामास येतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकांना उलट इंजिनच फिरवावे लागते. त्या ओढीने वेग आवरतो आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ‘डी’वर मात्र यंत्र आपल्या मर्जीने वरचा गिअर टाकू शकते. त्यासाठीच अशा गाड्यांत ‘एम’ किंवा ‘एल’ अशी खूण असते. बहिणीने तिला कधी हात लावला नव्हता.

“दादा, ही खूण शोभेची नाही तर!” ती म्हणाली.

ब्रेक निवल्यावर तिने ‘एम’ निवडून दुसरा गिअर टाकला. गुजरी येईपर्यंत तिने ब्रेक मोजकाच दाबला. तिचा दांडा बरा की माझा, हा वाद मात्र वसईपर्यंत चालला.