कामावरून कमी होण्याचे भय आणि आपल्या पेढ्या

व्यापारात तेजीमंदी नित्याचीच आहे. मंदी आली तर व्यापारी माल वखारीत ठेवतो, भांडवलाच्या जोरावर तग धरतो आणि भावाची वाट पाहतो. परंतु ज्याचे सारे भांडवल म्हणजे महिन्याचा पगार, त्यास वाट पाहण्याची सोय नसते. श्रम हा वखारीत साठविण्याजोगा माल नव्हे. आजचा दिवस रिकामा गेला तर तो कायमचा गेला. म्हणूनच 'आता आपल्या कामाची गरज उरलेली नाही' या वाक्याचे भय नोकरदार माणसास आजारपणाच्या भयाहून कमी वाटत नाही.

या विषयाचा विचार आपल्या वार्षिक स्मरणिकेत व्हावा, असे आम्हांस दोन कारणांनी वाटते. एक तर आपण बहुतेक सारे मालक आहोत, आणि हे भय ज्यांस ग्रासते ते मुनीम, गुमास्ते, तोलार व हमाल आपल्याच पेढ्यांच्या पायरीशी उभे आहेत. दुसरे असे की, आपली मुले आता पेढीवर न बसता बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांत नोकरीस लागली आहेत. एका रात्रीत शेकडो माणसे कमी केल्याच्या बातम्या त्यांच्या घरीही वाचल्या जातात. तेव्हा हा प्रश्न केवळ नोकराचा आहे, असे समजून चालणार नाही.

कामे कशी जातात

काम एका दिवशी जात नाही. त्याची चिन्हे पुष्कळ आधी दिसू लागतात. आपल्याच बाजाराचे उदाहरण घेऊ. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत एके काळी सर्वत्र होती. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असताना १९३९ साली शेतमालाच्या नियंत्रित बाजारांचा कायदा झाला. अशा कायद्यांनी उघड लिलाव आणला व हत्ता मागे पडला. पुढे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे आली, आणि मण-शेराचे हिशेब तोंडपाठ असणाऱ्या जुन्या दिवाणजींस किलो-क्विंटल शिकावे लागले. २०१४ पासून कर्नाटकात बाजार समित्या संगणकाने जोडण्यास आरंभ झाला. चिठ्ठीवर भाव लिहून पेटीत टाकण्याऐवजी व्यापारी संगणकावर भाव भरू लागला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि लाल वहीतील रोजमेळ-खतावणीचे महत्त्व आणखी घटले. तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला. शंभर किलोचे पोते जाऊन पन्नास किलोचे आले, हे हमालाच्या पाठीस सुखाचे झाले. पण पाठोपाठ माल चढविणारे पट्टेही आले.

यांपैकी कोणताही बदल वाईट नव्हता. शेतकऱ्यास त्याचा लाभच झाला. परंतु प्रत्येक बदलात कोणाचे तरी काम आटले. २०२० साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून बाजार आवाराबाहेरील खरेदीविक्री समितीच्या नियंत्रणातून मोकळी केली, तेव्हाही हेच दिसले. पुढे सरकार बदलल्यावर ती दुरुस्ती मागे घेण्याचे पाऊल उचलले गेले हे खरे. पण आवारात गाड्या कमी आल्या की पहिली झळ हमालास लागते, मग गुमास्त्यास, आणि अडत्यास सर्वांत शेवटी. चिन्हे मात्र उलट क्रमाने दिसतात: ती प्रथम मालकास दिसतात आणि हमालास शेवटी. या एका गोष्टीत साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे, असे आमचे मत आहे. चिन्ह दिसणे आणि काम जाणे यांमध्ये जो अवधी असतो, तोच संकटग्रस्त माणसाचे खरे भांडवल होय.

दोन दाखले

हा अवधी वाया गेला म्हणजे काय होते, याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाची बाजू योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. परंतु त्यापूर्वीच कित्येक गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती, आणि भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर स्वस्त कापड निघू लागले होते. चिन्हे उघड होती. तरीही यंत्रे नवी करणे व कामगारांस दुसरे काम शिकविणे, ही दोन्ही कामे मागे राहिली. संप लांबला, हजारो कामगारांस पुन्हा काम मिळाले नाही. कोकण, सातारा, कोल्हापूर येथून आलेली कुटुंबे गावी परतली किंवा मिळेल त्या मजुरीस लागली. ज्या घरी दुसरी मिळकत होती, त्या घराने निदान चूल पेटती ठेवली. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांस सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे कार्य प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून आरंभिले होते. घरातील दुसऱ्या मिळकतीचे मोल असे आधीच ओळखावे लागते.

दुसरा दाखला आपल्या हुबळीतलाच आहे. हुबळी हे रेल्वेचे गाव. येथील कार्यशाळेच्या भोंग्यावर कित्येक घरांचा दिवस चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेची इंजिने गेली व अरुंद मीटर रुळांच्या जागी रुंद रूळ आले. कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे काम तर मुळासकट संपले. परंतु वाफेची इंजिने एकदम बंद झाली नाहीत. रेल्वेने बदल टप्प्याटप्प्याने केला, फायरमनांस शिकवून डिझेल इंजिनांवर साहाय्यक म्हणून घेतले. कार्यशाळेचेही स्वरूप पालटले. ती आज डब्यांच्या दुरुस्तीचे काम करते. फायरमनचे काम गेले, पण त्याबरोबर माणूस गेला नाही, कारण मधला अवधी शिक्षणात खर्ची पडला. रेल्वे हे सरकारी खाते आहे, आपल्यापाशी तेवढी साधने नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण तत्त्व लहान पेढीसही तेच लागू पडते.

कायदा काय सांगतो

आपल्या बांधवांत कायद्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. म्हणून थोडक्यात सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वर्षभर अखंड सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, अथवा त्या महिन्याचे वेतन द्यावे. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे. सामान्यतः जो शेवटी आला त्यास प्रथम कमी करावे, आणि वर्षाच्या आत पुन्हा माणूस हवा झाल्यास कमी केलेल्यास आधी विचारावे. नव्या संहितेने यात एका गोष्टीची भर घातली आहे: कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनःकौशल्य निधीत भरावयाचे आणि ते पंचेचाळीस दिवसांत त्याच्या खात्यात जावयाचे. सरकारची पूर्वपरवानगी मात्र तीनशे वा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांसच लागते.

उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब निराळा. सर्वसाधारण सेवकास पाच वर्षे सेवा झाल्यावर ते मिळते. मासिक वेतन १५,६०० रुपये धरले तर २६ ने भागून एका दिवसाचे ६०० रुपये होतात. पंधरा दिवसांचे ९,०००. आणि वीस वर्षांच्या सेवेचे १,८०,००० रुपये. हे दान नव्हे, ही देणी आहे. जो व्यापारी हुंडीची मुदत चुकवीत नाही, त्याने हीही चुकवू नये.

दहा वा अधिक माणसे असलेल्या पेढीस राज्य विमा लागू होतो. त्यात २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. काम सुटलेल्या पात्र विमेदारास तीतून जास्तीत जास्त नव्वद दिवस सरासरी रोजच्या कमाईच्या निम्म्याइतके साहाय्य ठरविण्यात आले. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आहे. म्हणून विमा कार्यालयात चौकशी करूनच पुढे जावे.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. आपल्या कित्येक पेढ्यांवर दहा माणसेही नसतात. तेथे उपदान व विमा यांची सक्ती नाही. हमाल तर कोणत्याच पेढीचा नोकर नसतो. तो पोत्यावर मजुरी घेतो. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा करून हमालांची नोंद मंडळाकडे ठेवली व व्यापाऱ्यांकडून मजुरीवर आकार घेऊन भविष्यनिधी, उपदान आदींची सोय केली. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. तिच्या 'कष्टाची भाकर' या उपक्रमाने १९७४ पासून श्रमिकांस स्वस्त जेवण दिले. म्हणजे मालक एक नसला तरी सारे व्यापारी मिळून जबाबदारी घेऊ शकतात. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे आपल्या संघाचा पोहोचावा.

मालकाने काय करावे

भाव उतरणार हे ज्यास आधी कळते तो माल आधी काढतो, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. सेवकाचा माल म्हणजे त्याचे श्रम. पेढी आवरती घ्यावयाची आहे, नवे यंत्र यावयाचे आहे, मुलगा धंदा पुढे चालविणार नाही, हे आपणांस वर्ष-सहा महिने आधी माहीत असते. ते त्यास सांगणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची भरपाई होय. 'आधी सांगितले तर माणूस ऐन हंगामात सोडून जाईल,' असे आपले बांधव म्हणतात. ही भीती खोटी नाही. परंतु तिला उपाय आहे: हंगाम संपेपर्यंत राहिल्यास अमुक रक्कम अधिक देऊ, असे लिहून द्यावे. माणूस बहुधा अंधारामुळे पळतो. पुढचे दिसले तर थांबतो.

त्याचप्रमाणे सेवाकाळाचा दाखला, थकलेला पगार व रजेचा हिशेब एकाच दिवशी हाती द्यावा. दुसऱ्या पेढीस आपण होऊन शब्द टाकावा. आणि नवे काम शिकण्यास आठवड्यातील काही तास मोकळे द्यावेत. एका बाजारपेठेतील एका पेढीने वीस वर्षांच्या गुमास्त्यास दिवाळीच्या पाडव्यास वहीपूजन झाल्यावर उद्यापासून येऊ नये असे सांगितल्याचे आम्ही पाहिले आहे. रक्कम पूर्ण दिली गेली होती. तरीही त्या पेढीवर पुढे चांगला माणूस टिकला नाही.

सेवकाने काय करावे

ज्यांच्यावर ही वेळ येऊ घातली आहे त्यांस आमची विनंती अशी की, प्रथम आपले काम आणि आपले ज्ञान यांत भेद करावा. वही लिहिणे हे काम. ते संगणकाने नेले. पण हरभरा दाताखाली धरून ओल ओळखणे, जोंधळ्याची प्रत पारखणे, कोणत्या गावचा माल कधी येतो आणि कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी वेळेवर येते हे जाणणे, हे ज्ञान होय. ते कोणी नेलेले नाही. त्यास नव्या साधनाची जोड मात्र हवी. कराची विवरणपत्रे, टॅलीवरील हिशेब आणि ई-निविदा या तीन गोष्टी पन्नाशीतल्या माणसासही काही महिन्यांत शिकता येतात. धान्य जाणणारा व हिशेब ठेवणारा असा माणूस डाळगिरण्यांस, नोंदणीकृत गोदामांस आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांस हवा असतो. या कंपन्यांची संख्या वाढविण्याची मोठी योजना केंद्राने २०२० साली हाती घेतली. त्यांस शेती येते, पण वही येतेच असे नाही.

दुसरे, घरात लपवू नये. रोज डबा घेऊन निघणारा आणि दिवसभर दुर्गदबैलात भटकून परतणारा माणूस आपले दुःख वाढवितो व घरच्यांचा विचार करण्याचा हक्क हिरावून घेतो. तिसरे, या काळात नवे कर्ज काढू नये. लग्नकार्याचा खर्च आवरावा. भरपाईची रक्कम हाती येताच कोणाच्या सांगण्यावरून नव्या दुकानात घालू नये. चौथे, कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. राजीनामा आणि कपात यांत फार अंतर आहे. राजीनाम्यावर सही झाली की कपातीची भरपाई मागणे कठीण होते. नेमणुकीचा कागद, पगाराच्या नोंदी, भविष्यनिधीचा क्रमांक जवळ ठेवावा, आणि शंका आल्यास कामगार खात्याच्या अधिकाऱ्यास विचारावे.

शेवटी आमच्या संघबांधवांस एक सूचना आहे. अमरगोळच्या आवारात संघाने एक साधी नोंदवही ठेवावी: कोणत्या पेढीस माणूस हवा आहे आणि कोणत्या पेढीवरचा माणूस मोकळा होणार आहे. त्यास ना इमारत लागते, ना देणगी. सायंकाळी तासभर बसणारा एक माणूस पुरे. भावाच्या बातम्या आपण एकमेकांस घटकेत पोहोचवितो. माणसांच्या बातम्याही तितक्याच तत्परतेने पोहोचविल्या, तर यंत्रे येवोत वा कायदे बदलोत, आपल्या बाजारात आयुष्य घालविलेला माणूस निराधार होऊन परत जाणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.