परावलंबी वार्धक्य आणि निवासाची निवड : सोलापूरच्या संदर्भात

वृद्ध व्यक्तीला कोणत्या संस्थेत ठेवावे, हे बहुधा वय, आजाराचे नाव आणि महिन्याचा खर्च पाहून ठरते. वस्तुतः रोजची कोणती कामे तिला स्वतः करता येत नाहीत, यावरून ते ठरावयास हवे. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये यासाठी सहा दैनंदिन क्रियांचा निर्देशांक मांडला : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. आजही वार्धक्यवैद्यकात हीच मोजपट्टी वापरतात.

सहाही क्रिया जमत असल्यास साधा वृद्धाश्रम पुरतो. आंघोळीला हात लागतो, गोळ्यांची आठवण करून द्यावी लागते, अशांसाठी साहाय्यित निवास, म्हणजेच असिस्टेड लिव्हिंग, योग्य. ज्यांना कुशीवर वळवावे लागते किंवा लघवीची नळी आहे, त्यांना शुश्रूषागृहच हवे. अनेक वृद्धाश्रम ‘स्वतःचे स्वतः करणाऱ्यांनाच’ प्रवेश देतात. तेव्हा उद्या अंथरूण धरले तर काय, हे पहिल्याच दिवशी विचारून लेखी घ्यावे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून उपचार व शुश्रूषा करणारी जागा महाराष्ट्रात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येते. नोंदणीचे प्रमाणपत्र तेथे दर्शनी भागी लावलेले असले पाहिजे.

सोलापुरात आणखी एक निकष लावावा लागतो, तो भाषेचा. शहराच्या पूर्वभागातील पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, तर अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून आईलाही तिकडच्याच संस्थेत ठेवण्याकडे कल असतो. मुलाला भेटणे सोपे जाते, हे खरे. परंतु आयुष्यभर बाजारात मराठी बोललेली ही बाई रात्री ‘नीळ्ळू’ म्हणून पाणी मागू लागली, तर मराठीच जाणणाऱ्या परिचारिकेला ते कळणार नाही. तिला ‘त्रास देणारी’ ठरवायला मग वेळ लागत नाही. माझ्या मते अशा वेळी खोलीतील दूरचित्रवाणीपेक्षा तेलुगू जाणणारी एक मावशी अधिक मोलाची.

संस्था पाहावयास जेवणाच्या वेळी जावे, तेही न कळवता. सोलापूरची कडक भाकरी दात नसलेल्याला आमटीत कुस्करून कोणी देते का, की ताट तसेच परत जाते, हे तेथे उभे राहिल्यावर दिसते. अंथरुणास खिळलेल्यांना साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून देतात का, हे विचारावे. मात्र उत्तरावर विसंबू नये. माकडहाड आणि टाचा लाल झाल्या असतील, तर शय्याव्रणाची ती पहिली खूण होय. येथील उन्हाळा 43 अंशांपर्यंत चढतो. पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली म्हणूनच टाळावी, कारण वार्धक्यात तहान मंदावते आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे उशिरा ध्यानात येते.

खर्चाचे गणित मात्र जुळत नाही. निवृत्त विडी कामगार स्त्रीला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची किमान मर्यादा दरमहा 1,000 रुपये आहे. पूर्णवेळ शुश्रूषेचा विचारही त्यात करता येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. परंतु शासन तो उभारू ‘शकेल’, एवढेच कायदा म्हणतो. मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये. सांभाळाच्या अटीवर घर बक्षीस दिले आणि सांभाळ झाला नाही, तर कलम 23 नुसार ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. तोंडी भरवशावर सही केलेल्यांना ती पुढे सिद्ध करणे जड जाते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.