झोपेत डाउनलोड करणारा डबा : 'नॅस' कसा सेट करायचा आणि त्याचं कुठलं दार बंद ठेवायचं?

लॅपटॉप रात्रभर चालू. चार्जर लावलेला, झाकण अर्धवट उघडं आणि कीबोर्डवर चिठ्ठी : 'बंद करू नये, डाउनलोड चालू आहे.' सकाळी बघावं तर घरातल्या कुणीतरी काळजीपोटी झाकण लावून टाकलेलं आणि फाइल ६२ टक्क्यांवर अडकलेली.

हा अनुभव आलेले अनेक जण आता 'नॅस' घेतायत. पण हा डबा फक्त डाउनलोडपुरता कुणाच्याच घरात राहत नाही. त्याच्यातच लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन येऊन पडतात. म्हणून ऑटोमॅटिक डाउनलोडचं सेटिंग करताना एक चूक झाली, तर नुकसान डाउनलोडचं होत नाही, फोटोंचं होतं. २०२१ आणि २०२२ मध्ये जगभरात हजारो लोकांनी ते भोगलंय.

नॅस म्हणजे नक्की काय?

नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, राउटरला वायरने जोडलेला हार्ड डिस्कचा डबा. त्याला स्क्रीन नसते, कीबोर्ड नसतो, पण आत प्रोसेसर आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. घरातले फोन, लॅपटॉप आणि टीव्ही वायफायवरून त्यातल्या फाइल्स उघडू शकतात. तैवानच्या सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या त्यातल्या ओळखीच्या कंपन्या. रास्पबेरी पायला हार्ड डिस्क जोडून घरच्या घरी असा डबा बनवणारेही बरेच आहेत.

दोन डिस्कच्या डब्याला साधारण २० वॉट वीज लागते असं धरलं, तर महिनाभर चोवीस तास चालू ठेवून १४-१५ युनिट होतात. डेस्कटॉप रात्रभर जागा ठेवण्यापेक्षा हे स्वस्तच.

तो स्वतःहून डाउनलोड कसा करतो?

सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोघांकडेही 'डाउनलोड स्टेशन' नावाचं ॲप मिळतं. ते डब्यातच इन्स्टॉल होतं. मग लॅपटॉपचा ब्राउझर उघडून लिंक पेस्ट केली, की पुढचं काम डबा करतो आणि लॅपटॉप बंद केला तरी चालतं. साधी लिंक चालते, टॉरंटही चालतं.

खरी गंमत पुढे आहे. त्यात वेळापत्रक लावता येतं. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर पूर्ण वेग मिळाला, तर तासाला सुमारे ४५ जीबी उतरतं. पण हे संध्याकाळी सुरू केलं तर घरातल्या कुणाचा तरी व्हिडिओ कॉल नक्की अडकणार. म्हणून रात्री १ ते ६ पूर्ण वेग आणि दिवसा मंद, असं एकदा ठरवून दिलं की भांडण मिटतं.

सिनॉलॉजीत 'वॉच फोल्डर' नावाची सोयही आहे. एक फोल्डर ठरवायचं आणि त्यात टॉरंटची छोटी फाइल टाकायची. डबा ती उचलतो आणि कामाला लागतो. उदाहरण द्यायचं तर इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत आणि तिथे डाउनलोडच्या पर्यायांमध्ये टॉरंटही असतो. अशा दहा पुस्तकांच्या फाइल्स त्या फोल्डरमध्ये टाकून झोपून जायचं.

तिसरा प्रकार आरएसएस फीडचा. एखाद्या साइटवर नवीन काही आलं की फीडमध्ये त्याची नोंद होते. डबा ती फीड ठरावीक वेळाने वाचतो आणि तुम्ही दिलेला शब्द सापडला की डाउनलोड सुरू करतो. लिनक्सच्या नव्या आवृत्त्या गोळा करणारे हेच वापरतात. इथे शब्द मात्र नेमका द्यावा लागतो. नुसतं 'उबंटू' लिहिलं तर त्या नावाची प्रत्येक आवृत्ती उतरत राहते आणि आठवड्याभरात डिस्क गच्च. त्यामुळे डाउनलोडसाठी वेगळं फोल्डर करून त्याला जागेची मर्यादा घालणं चांगलं. नाहीतर फोनमधले फोटो चढायचे थांबतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

टॉरंटमध्ये तुम्ही फक्त घेत नाही, देताही. उतरलेले तुकडे डबा इतरांना पाठवत राहतो. ही देवाणघेवाण किती वेळ चालवायची, याची मर्यादा सेटिंगमध्ये घालता येते. ती घालाच, कारण 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ब्रॉडबँड प्लॅनना महिन्याची मर्यादा असते आणि अपलोडही त्यात मोजलं जाऊ शकतं. शिवाय टॉरंटवर तुमचा आयपी ॲड्रेस समोरच्याला दिसतो. परवानगीशिवाय नवे सिनेमे उतरवून वाटणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये. 'ते काम डब्याने आपोआप केलं' ही सबब चालणार नाही.

मग चूक कुठे होते?

डाउनलोड करायला डबा स्वतः बाहेर जातो, फाइल मागतो आणि घेऊन येतो. त्यासाठी बाहेरच्या कुणाला घरात घ्यावं लागत नाही. पण काही दिवसांनी वाटतं, ऑफिसात बसून फोनवरून लिंक टाकता आली तर? मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' चालू केलं जातं. त्याने डब्याचं लॉगिनचं पान सगळ्या इंटरनेटला दिसायला लागतं. कधीकधी हेही करावं लागत नाही. राउटरमधलं 'यूपीएनपी' चालू असेल, तर डब्याने मागितलं की राउटर न विचारता दार उघडून देतो.

एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाचा हल्ला याच दारातून झाला. क्यूनॅपच्या बॅकअप ॲपमध्ये एक त्रुटी होती. त्या वाटेने आत शिरून हल्लेखोरांनी लोकांच्या फाइल्स सेव्हन-झिप या साध्या सॉफ्टवेअरमध्ये बांधल्या आणि पासवर्ड लावला. मागणी ०.०१ बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाचे साधारण ४० हजार रुपये. रक्कम मुद्दामच अशी, की फोटोंसाठी माणूस ती देऊन टाकेल.

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलचे 'माय बुक लाइव्ह' हे जुने डबे असेच लक्ष्य झाले. कंपनीने २०१५ नंतर त्यांना अपडेट दिलेलं नव्हतं. अनेकांच्या डिस्क एका रात्रीत फॅक्टरी रीसेट झाल्या. तिथे खंडणीही मागितली नाही, डेटाच गेला.

जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आला. मागणी ०.०३ बिटकॉइन. त्या वेळी क्यूनॅपनेच ग्राहकांना पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी या टोळीलाच गंडवलं. टोळीची यंत्रणा पैसे पाठवल्याची नोंद दिसताच कुलपाची किल्ली आपोआप पाठवायची, व्यवहार पक्का व्हायची वाट बघायची नाही. पोलिसांनी पैसे पाठवले, किल्ली घेतली आणि व्यवहार पक्का होण्याआधीच रद्द केला. अशा १५५ किल्ल्या हाती लागल्यावर टोळीच्या लक्षात आलं.

आज घरी काय तपासायचं?

राउटरचं पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगची यादी बघा. त्यात नॅसच्या लॉगिनचा पोर्ट असेल (सिनॉलॉजीत मूळ सेटिंगला ५००० आणि ५००१, क्यूनॅपमध्ये ८०८०), तर ती नोंद काढून टाका. यूपीएनपी बंद करा. बाहेरून लिंक टाकायचीच असेल तर व्हीपीएन वापरा. टेलस्केलसारखं ॲप नॅसवर आणि फोनवर टाकलं की दार न उघडता काम होतं. 'ॲडमिन' हे तयार आलेलं खातं बंद करून डाउनलोडसाठी वेगळा युजर करा आणि त्याला फोटोंच्या फोल्डरची परवानगी देऊ नका.

आणि डब्यात दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं समजू नका. तिथे दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल करते, त्यामुळे कुलूप लागलं तर दोन्हींना एकदमच लागतं. फोटोंची वेगळी प्रत यूएसबी डिस्कवर घ्या. ती महिन्यातून एकदा जोडायची आणि कॉपी झाली की केबल काढून कपाटात ठेवायची.